लेकीकडे जाताय? मग ही झाडं पाहूनच या!

मैत्रिणींनो, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. सहा महिने बाळाचं न्हाणंमाखणं आणि स्वयंपाकघर सांभाळायचं आणि परत यायचं. काय पाहिलंत, असं विचारलं की म्हणतात, "छे हो, वेळच कुठे होता? शिवाय हे गुडघे!" तुमचा मुक्काम सान फ्रान्सिस्कोच्या आसपास असेल, तर या खेपेला एक दिवस हक्काने मागून घ्या आणि म्यूर वुड्सच्या रानात चालून या.

गोल्डन गेट पुलापासून साधारण २० किलोमीटरवर हे रेडवुड वृक्षांचं रान आहे. सर्वांत उंच झाड अडीचशे फुटांच्याही वर, म्हणजे पंचवीस मजली इमारतच म्हणा ना! बहुतेक झाडं ५०० ते ८०० वर्षांची, काही हजाराच्याही पुढची. तिथे एका पडलेल्या झाडाचा आडवा काप ठेवला आहे. ते रुजलं इ. स. ९०९ च्या सुमारास. आपली ज्ञानेश्वरी १२९० सालची. तेव्हा हे झाड पावणेचारशे वर्षांचं होतं!

एवढा महाकाय वृक्ष, पण बोंड जेमतेम सुपारीएवढं. साल मात्र फूटभरही जाड असते, त्यामुळे कीड आणि आग लवकर आत शिरत नाही. उन्हाळ्यात पाऊस नसतो, तेव्हा समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर झाडं तहान भागवतात. मुळं फार खोल नसतात, पण शंभर फुटांपर्यंत पसरून शेजारणींच्या मुळांत गुंततात. त्याच आधारावर सगळी उभी! थोरलं झाड जळलं वा पडलं, तर त्याच्या बुडातून कोंब फुटतात आणि भोवती नव्या झाडांचं रिंगण तयार होतं. मधे आईची रिकामी जागा आणि भोवती लेकी. पाहून डोळे भरून येतात.

हे रान वाचलं कसं, तेही ऐका. ते वाचवण्याची पहिली मोहीम १९०४ मध्ये तिथल्या 'कॅलिफोर्निया क्लब' या महिला मंडळाने काढली. १९०५ मध्ये विल्यम आणि एलिझाबेथ केंट या दांपत्याने जमीन विकत घेतली. १९०७ मध्ये एक पाणीपुरवठा कंपनी ओढ्यावर धरण बांधायला निघाली. रान बुडणार, म्हणून केंट पतिपत्नींनी जवळजवळ ३०० एकर सरकारला देऊन टाकले. जानेवारी १९०८ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. नाव मिळालं निसर्गलेखक जॉन म्यूर यांचं. पण पहिली हाक बायकांनी दिली होती, हे ध्यानात असू द्या.

आता कामाच्या गोष्टी.

मुख्य वाट जवळजवळ सपाट आहे. बरीचशी लाकडी फळ्यांची. मधे ओढ्यावर पूल आहेत. दमलात तर पूल ओलांडून पलीकडच्या काठाने परत फिरा. छोटा फेरा दीड किलोमीटरच्या आसपास, आरामात तासाभराचा.

उन्हाळ्यातही गारठा आणि ओल असते. स्वेटर घ्या. साडी चालेल, पण चपला नकोत; पायात कॅनव्हासचे बूट घाला.

गाडी उभी करायची जागा किंवा बसचं तिकीट आधी राखून ठेवावं लागतं. ते काम जावईबापूंवर सोपवा. तिथे फोन लागत नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा.

रानात डबा उघडायला मनाई आहे. पोळीभाजी खाऊनच निघा. पान, बोंड आठवण म्हणून उचलू नका. फळ्यांवरून खालीही उतरू नका. पायांनी माती दबते आणि वरवरच्या मुळांना इजा होते.

सव्वा महिना झाला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की लेकीलाही न्या. बाळाची ढकलगाडी या वाटेवर सहज चालते. आणि ती ढकलायला जावई आहेतच की!