एक लॅपटॉप, दोन सिस्टीम



बारावीनंतर मुलगी बीसीएला किंवा कॉम्प्युटर सायन्सला जाते आणि थोड्याच दिवसांत म्हणते, "अब्बा, लिनक्स लागेल." घरात लॅपटॉप एकच असतो. त्यातच अब्बांचं इनपेजमधलं उर्दू टायपिंग, दुकानाचा हिशेब आणि निकाहचे फोटो असतात. मग कुणी सुचवतं, "फॉरमॅट मार," तर कुणी म्हणतं, "दुसरा घ्या." जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांत दुसरा लॅपटॉप घेणं पुढच्या वर्षावर जातं, आणि मुलीचा सराव तिथेच थांबतो.

खरं तर या दोन्हींची गरज नाही. एकाच लॅपटॉपमध्ये विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी राहू शकतात. सुरू करताना पडद्यावर यादी येते, हवी ती सिस्टीम निवडायची. यालाच ड्युअल बूट म्हणतात. उबंटू किंवा लिनक्स मिंट पूर्ण मोफत आहे.

विंडोज काढू नका, कारण इनपेज विंडोजवर चालतं. लिनक्समध्ये लिब्रे ऑफिस आणि नोटो नस्तालिक फॉन्टवर चांगलं उर्दू लिहिता येतं, पण इनपेजच्या जुन्या फाइली तिथे थेट उघडत नाहीत. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि लग्नपत्रिका त्यात असतील, तर विंडोज हवंच.

आता काम क्रमाने करू या.

सगळ्यात आधी बॅकअप. फोटो, कागदपत्रं, हिशेब बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. ही घरच्यांची अमानत आहे. बॅकअप झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, मग ते बंद करा. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या फाइलींना हात लावणं धोक्याचं ठरतं. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आकसवा. उबंटूला किमान २५ जीबी लागतात, ५०-६० मोकळे केले तर सोयीचं.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, म्हणून रिकामाच घ्या. उबंटूची फाइल अधिकृत साइटवरून उतरवा आणि रुफसने पेनड्राइव्हवर चढवा. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की काहीही न बसवता लिनक्स वापरून पाहता येतं. वायफाय, आवाज, कीबोर्ड तेव्हाच तपासा.

बसवताना चार्जर लावलेला असू द्या. पडद्यावर 'इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज' निवडा. 'इरेज डिस्क' चुकूनही निवडू नका, त्याने सगळी डिस्क पुसली जाते. पहिला पर्याय दिसलाच नाही तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. पण हे दुरुस्त करून घ्या, नाहीतर लॅपटॉपवरची नमाजची वेळही चुकेल. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की वेळ जुळते. कायमचा उपाय लिनक्समधल्या एका आज्ञेने होतो, तो कॉलेजच्या लॅबमध्ये विचारून घ्यावा.

आणखी दोन गोष्टी. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. अशा लॅपटॉपवर बँकेची कामं लिनक्समधून करणं अधिक सुरक्षित.

दुसरी गोष्ट दीनची आहे. फॉरमॅट मारताना क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून मिळतं आणि आपण ते बिनधास्त वापरतो. दुसऱ्याची मेहनत त्याच्या परवानगीशिवाय वापरणं हा हक्कुल-इबादचा प्रश्न आहे. लिनक्स मात्र बनवणाऱ्यांनीच वापरायला, कॉपी करायला आणि वाटायला मोकळं ठेवलं आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं त्यावरच शिकतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही मोफत आहेत.

तुमच्या मुलीला हे जमलं की मोहल्ल्यातल्या आणखी एका मुलीला तिनं शिकवावं. इल्म वाटल्यानं कमी होत नाही. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू.