मंडालेचा राजवाडा पुन्हा बांधला, राजा मात्र रत्नागिरीतच राहिला! नव्या वाड्यांच्या घोषणा होत असताना कोकणानं काय शिकावं?

रत्नागिरी : थिबा पॅलेस माहीत नाही असा माणूस जिल्ह्यात सापडणं कठीण. शाळेच्या सहली तिथं जातात, मुंबईचे पाहुणे आले की त्यांना थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दाखवली जाते. पण ज्या राजवाड्यातून थिबा राजाला उचलून इथं आणलं, त्या मंडालेच्या राजवाड्याचं पुढं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही.

तो राजवाडा १९४५ साली जळून खाक झाला. पुढं म्यानमारच्या लष्करी सरकारनं तो पुन्हा बांधला आणि पर्यटकांना तिकीट लावून खुला केला. मग २८ मार्च २०२५ रोजी ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात म्यानमारमध्ये ३ हजारांवर माणसं दगावली, मंडाले शहर हादरलं आणि राजवाड्याच्या तटबंदीचे काही भाग कोसळले.

बातमी परदेशातली असली तरी प्रश्न जवळचा आहे. पडलेला राजवाडा पुन्हा बांधावा का, बांधला तर तो कुणाचा, आणि बघायला जाणाऱ्याला तिथं नेमकं काय बघायला मिळतं? कोकणात स्मारकं, वाडे आणि किल्ल्यांच्या कामांची चर्चा जोरात असताना मंडालेचा हा अनुभव समजून घेण्यासारखा आहे.

आधी इतिहास, थोडक्यात

म्यानमार म्हणजे आपल्याकडच्या जुन्या माणसांचा ब्रह्मदेश. तिथल्या मिंडान राजानं १८५७ पासून मंडाले ही नवी राजधानी वसवली. मध्यभागी सागवानी लाकडाचा राजवाडा, भोवती चौकोनी तटबंदी. तटाची एकेक बाजू साधारण २ किलोमीटरची, एकूण १२ दरवाजे आणि बाहेरून पाण्यानं भरलेला रुंद खंदक.

मिंडानचा मुलगा थिबा हा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. थिबा, राणी सुपायालत आणि मुली यांना आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. मंडालेच्या किल्ल्याला इंग्रजांनी व्हाइसरॉयच्या नावावरून फोर्ट डफरिन असं नाव दिलं. राजवाड्याच्या दालनांत गोऱ्या साहेबांचा क्लब भरू लागला.

याच तटबंदीच्या आतल्या तुरुंगात १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य टिळक होते. 'गीतारहस्य' त्यांनी तिथंच लिहिलं. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत, असा तो काळ होता.

दुसऱ्या महायुद्धात मंडाले जपान्यांच्या ताब्यात होतं. मार्च १९४५ मध्ये ते परत घेण्यासाठी इंग्रजांच्या बाजूनं जो मारा झाला, त्यात लाकडी राजवाडा जळाला. टेहळणीचा मनोरा आणि टांकसाळ अशा मोजक्या गोष्टी वाचल्या. तट आणि खंदक राहिले, आतला वाडा गेला.

आत गेल्यावर काय दिसतं?

राजवाड्याचं पुन्हा बांधकाम १९८९ मध्ये सुरू झालं. आदल्याच वर्षी लोकशाहीसाठी उठलेलं मोठं आंदोलन लष्करानं गोळ्या घालून मोडून काढलं होतं. १९९६ हे सरकारनं 'पर्यटन वर्ष' म्हणून जाहीर केलं. त्याच्या आधी राजवाडा दाखवण्याजोगा करायचा होता.

परदेशी पाहुण्यांना फक्त पूर्वेच्या दरवाजातून आत सोडलं जातं. आत गेल्यावर लगेच राजवाडा लागत नाही. दुतर्फा झाडांचा लांबलचक रस्ता आहे आणि आजूबाजूचा जवळजवळ सगळा भाग लष्कराचा तळ आहे. ठरलेला रस्ता सोडून इकडंतिकडं फिरायला बंदी. लष्कर आणि जनता मिळून देशाचं नुकसान करणाऱ्यांना चिरडून टाकू, अशा अर्थाचा भलामोठा फलक किल्ल्यावर वर्षानुवर्षं होता. संग्रहालय बघायला आलेल्या माणसाचं पहिलं स्वागत ते असं!

मधोमध दरबाराचं मोठं दालन आणि त्यावर सात टप्प्यांचं निमुळतं शिखर आहे. लाल आणि सोनेरी रंग झळाळतो. लांबून फोटो झकास येतो. जवळ गेलं की बऱ्याच ठिकाणी सागाऐवजी काँक्रीट आणि छपराला पत्रा दिसतो. आतली बरीच दालनं रिकामी आहेत. काही ठिकाणी राजा-राणीचे पुतळे बसवलेत, सिंहासनं आहेत ती नकला. टेहळणीचा मनोरा चढून गेलं की सगळा परिसर एका नजरेत येतो. पश्चिमेच्या टोकाला छोटं संग्रहालय आहे. तिथं थिबा राजाचा काचेच्या खांबांचा पलंग आहे. ती वस्तू खरी आहे.

खंदकातला गाळ कुणी काढला?

राजवाडा उभा राहिला त्याची दुसरी बाजू फलकावर लिहिलेली नाही. १९९० च्या दशकात खंदकातला गाळ काढण्यासाठी मंडालेच्या रहिवाशांना सक्तीनं कामावर बोलावलं गेलं. घरटी माणूस द्यायचा, मजुरी नाही. कैद्यांनाही या कामाला जुंपलं. आपल्या भाषेत याला वेठबिगार म्हणतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकशी आयोगानं १९९८ मध्ये म्यानमारमधली सक्तीची मजुरी सर्रास आणि पद्धतशीर असल्याचं नोंदवलं.

म्हणजे हा वाडा थिबाच्या नावानं उभा असला, तरी खरं पाहता तो १९९० च्या दशकातल्या लष्करी राजवटीचा वाडा आहे. जुन्या राजांचा वारसा आपणच सांभाळतो, हे लोकांना दाखवायचं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करानं पुन्हा थेट सत्ता हातात घेतली, तेव्हाही राजवाड्याभोवतीचा तळ लष्कराचाच होता. राजाचं घर जनतेला बघायला खुलं, पण त्याच्या चहूबाजूंना बंदूकधारी, हे चित्र बदललं नाही.

भूकंपानं मात्र वेगळीच गोष्ट समोर आणली. पडझडीत मिंडानच्या काळातला विटांचा तटही सापडला, म्हणजे जे खरोखर जुनं होतं तेही. आता ती डागडुजी जुन्या पद्धतीनं होणार की पुन्हा सिमेंट थापलं जाणार, यावर पुढच्या पिढीला काय बघायला मिळेल ते ठरेल.

खरं जे उरलं, ते कुठं कुठं आहे?

मंडालेच्या राजवैभवातलं अस्सल आज चार ठिकाणी विखुरलेलं आहे.

पहिलं ठिकाण मंडालेतच, पण तटाबाहेर. मिंडान राजा ज्या दालनात वारला, ते थिबानं वाड्यातून उचलून बाहेर नेलं आणि त्याचा मठ केला. वडिलांच्या आत्म्याचा वावर तिथं आहे असं त्याला वाटायचं, असं सांगतात. बाहेर नेलं म्हणून १९४५ च्या आगीतून ते वाचलं. श्वेनंडॉ नावाच्या या सागवानी मठावरचं कोरीव काम बघितलं की जळालेला वाडा कसा असेल याचा अंदाज येतो.

दुसरं ठिकाण यांगून, म्हणजे जुनं रंगून. राजाचं मूळ सिंहासन इंग्रजांनी १९०२ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयात नेलं होतं. नेलं म्हणूनच तेही आगीतून वाचलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ते परत दिलं गेलं आणि आता यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तिसरं लंडन. राजचिन्हं आणि दागिने तिथल्या संग्रहालयात गेले होते. त्यातले बरेच १९६४ मध्ये परत आले.

चौथं ठिकाण रत्नागिरी. भाड्याच्या बंगल्यांत बरीच वर्षं काढल्यावर १९१० मध्ये थिबा आजच्या पॅलेसमध्ये राहायला आला आणि १९१६ मध्ये वारला. त्याची कबर रत्नागिरी शहरातच आहे. राणी सुपायालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली, पण मंडालेत नाही, रंगूनमध्ये. थोरली राजकन्या रत्नागिरीला परत आली. तिची मुलगी टुटू मराठी बोलत, काबाडकष्ट करत इथंच म्हातारी झाली.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या कबरीवर आले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा लष्करप्रमुख मिन आंग लाइंगही आले. ज्यांच्याकडे मंडालेचा अख्खा राजवाडा आहे, त्यांना राजासाठी रत्नागिरी गाठावी लागली. थिबा पॅलेस इंग्रजांनी कैद्यासाठी बांधला हे खरं, पण राजा तिथं जगला आणि मेला. मंडालेच्या नव्या वाड्यात कुठलाच राजा एक रात्रही झोपलेला नाही.

पुन्हा बांधणं वाईटच असतं का?

तसंही नाही. जपानमधल्या ओकिनावा बेटावर शुरी नावाचा राजवाडा आहे. तोही १९४५ च्याच लढाईत उद्ध्वस्त झाला. १९९२ मध्ये तो पुन्हा बांधून खुला झाला आणि ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे आगीत मुख्य वाडा पुन्हा जळाला. त्यानंतर सरकारनं काम पडद्याआड न करता लोकांसमोर केलं. सुतार लाकूड कसं जोडतात, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघता येईल अशी सोय केली.

तिथली आणखी एक गोष्ट महत्त्वाची. युनेस्कोनं २००० मध्ये शुरीला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो जमिनीतल्या जुन्या अवशेषांना. वर नव्यानं बांधलेल्या वाड्याला नाही. वाड्याच्या जमिनीला काच बसवून खालचे मूळ दगड दाखवले होते. जुनं काय आणि नवं काय, हे बघणाऱ्याला कळत होतं. मंडालेत आणि शुरीत फरक आहे तो इथं.

जिल्ह्याचा संबंध काय?

जुलै २०२५ मध्ये मराठा काळातल्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. त्यात दापोली तालुक्यातला हर्णैचा सुवर्णदुर्ग आहे. राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात कसबा संगमेश्वर इथं छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मारकाची घोषणा झाली. गावोगावी कुणाचा वाडा, कुणाची गढी, कुठलं जुनं देऊळ नवं करायची मागणी निघते. पैसे येतात तेव्हा सगळ्यांची नजर आधी कमान, पुतळा आणि रोषणाईकडे जाते. गळणारं छप्पर आणि जांभ्याच्या भिंतीत घुसलेला पिंपळ मागं राहतो.

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला कायद्यानं बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते. सुवर्णदुर्ग या संरक्षणाखाली येतो. पण गावातले वाडे, जुन्या विहिरी, पाणवठे आणि मंदिरं यांतली बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत. त्यांची राखण शेवटी गावावरच आहे. चांगल्या भावनेनं मारलेला ऑइल पेंट आणि चिऱ्यावर थापलेलं सिमेंट यांनीही जुनं काम कायमचं जातं.

म्हणून अशा कामाचा ठराव ग्रामसभेत आला, तर काही साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. जे उभं आहे ते आधी दुरुस्त होणार का? मूळ किती आणि नवं किती, हे तिथं मराठीत लिहून लावणार का? काम जांभा, चुना आणि लाकूड जाणणाऱ्या गवंडी-सुतारांना मिळणार की बाहेरच्या ठेकेदाराला? मजुरी वेळेवर आणि पूर्ण मिळणार का? आणि उद्घाटन झाल्यावर पाच वर्षांनी तिथं झाडू कोण मारणार, वीजबिल कोण भरणार?

थिबा पॅलेस आज राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे आणि तिथं संग्रहालय आहे. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली तिथं जातातच. मुलांनी फक्त फोटो काढून परत येऊ नये. राजा इथं का आणला, त्याचं मूळ घर कसं जळालं, ते पुन्हा कुणी बांधलं आणि त्यासाठी कुणाला वेठीला धरलं, एवढं गुरुजींनी सांगितलं तरी पुष्कळ. ही सगळी गोष्ट सांगता येईल असं राजाचं खरंखुरं घर रत्नागिरीत आहे, मंडालेत ते उरलेलं नाही.