पहिला खेळ कोणाचा?

सिनेमा लागण्याआधी तो काही निवडक मंडळींना दाखवतात. त्याला कोणी खास खेळ म्हणतो, कोणी प्रीमियर. नटनट्या येतात, पुढारी येतात, पत्रकार येतात. सिनेमा कौटुंबिक असला तर लेकराबाळांसह येतात. यात वाईट काही नाही. पण जो आधी पाहतो, तोच मागाहून पाहणाऱ्यांनी काय पाहायचे ते ठरवू लागतो. तेव्हा बहुजन समाजाने विचारलेच पाहिजे : आमचा सिनेमा आमच्या आधी कोण पाहतो?

२०२५ सालचा 'फुले' हा सिनेमा घ्या. दिग्दर्शक अनंत महादेवन. जोतिराव झाले प्रतीक गांधी, सावित्रीबाई झाल्या पत्रलेखा. सेन्सॉर मंडळाने त्याला 'यू' प्रमाणपत्र दिले, म्हणजे आजीने नातीला मांडीवर घेऊन पाहावा असा हा सिनेमा. आणि का नसावा? नवऱ्याने बायकोला शिकवले, बायकोने गावाच्या लेकी शिकवल्या, दोघांनी ब्राह्मण विधवेचे मूल पोटच्या पोरासारखे वाढवले. याहून मोठी कुटुंबकथा महाराष्ट्रात कोणती आहे?

सिनेमा ११ एप्रिलला, फुले जयंतीला लागणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी ट्रेलर पाहिला आणि आक्षेप घेतला. पूर्ण सिनेमा पाहण्याचीही गरज त्यांना वाटली नाही! तिकडे सेन्सॉर मंडळाने जातींची नावे, 'पेशवाई' हा शब्द, झाडू बांधून चालण्याचा उल्लेख बदलायला सांगितला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते सोसले, त्यांना कोणी विचारले? अखेर सिनेमा लागला २५ एप्रिलला. ११ ते १४ एप्रिल या चार दिवसांत आमची वस्ती न् वस्ती घराबाहेर असते. नेमके तेच दिवस हातचे गेले.

हे काही नवे नाही. १८५५ साली खुद्द जोतिरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते आधी वाचले आणि नाकारले. छापून यायला १९७९ साल उजाडले! पहिल्या वाचकाचा एक नकार, आणि चार पिढ्या त्या नाटकाला मुकल्या.

दुसरा दाखलाही आहे. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' या सिनेमाच्या मुहूर्ताला जानेवारी १९५४ मध्ये स्वतः बाबासाहेब आंबेडकर हजर होते. त्या सिनेमाला पुढे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. जोतिरावांना गुरू मानणारा महापुरुष तिथे पहिल्या रांगेत होता, हे लक्षात ठेवा.

आम्ही नरसी नामदेवची माणसे. आमच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथची कथा इथले पोरही सांगते. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, मागे जा म्हणाले. नामदेव मागे गेले, तर देऊळच फिरले. कथा गोड आहे. पण आमच्यासाठी देऊळ फिरले नाही, आणि पडदाही आपोआप फिरणार नाही. तो फिरवावा लागतो.

नरसीत मल्टिप्लेक्स नाही. म्हणून मागणी साधी आहे. फुले-आंबेडकरांवर सिनेमा काढणाऱ्यांनी पहिला खेळ मुंबईतल्या बड्यांना दाखवण्याआधी एखाद्या गावच्या विहारात, जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखवावा. पहिल्या रांगेत आया-बहिणी आणि शाळेतल्या मुली बसतील. आणि आपणही निर्मात्याच्या निमंत्रणाची वाट पाहू नये. जयंती मंडळांनी वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करावा आणि त्या पैशात पहिल्याच दिवसाची तिकिटे काढून, गाडी करून, सहकुटुंब सिनेमाला जावे. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की कात्री चालवणाऱ्यांची हिंमत वाढते. भरलेले थिएटर पाहून तीच मंडळी दहा वेळा विचार करतील.