बिऱ्हाड हलविताना

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण मोठ्या सहजपणे म्हणून जातो. वर्गात या म्हणीचा अर्थ सांगताना मीही तो वर्षानुवर्षे सांगत आले आहे: आज या गावी तर उद्या त्या गावी राहणारा, जवळ फारसे काही नसलेला माणूस. पण ज्याची बदली कोल्हापूरहून थेट नागपूरला झाली आहे, आणि ज्याच्या घरात फ्रीज, धुलाईयंत्र, दोन लोखंडी कपाटे, चौदा खोकी पुस्तके व ऐंशीच्या घरातल्या सासूबाई आहेत, त्याला विंचवाचा हेवाच वाटावयाचा. विंचवाचे बिऱ्हाड त्याच्या स्वतःच्या पाठीवर असते. आपले दुसऱ्याच्या ट्रकवर असते.

पूर्वी बिऱ्हाड हलवायचे म्हणजे शेजारची चार माणसे, सुतळीचा गुंडा, भांड्यांसाठी पोती आणि गाद्यांच्या वळकट्या. घरचे कुणी तरी सामानाबरोबरच बसून जाई. आता ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’वाले येतात. पन्हळी पुठ्ठा, बुडबुड्यांचे प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी घेऊन सकाळी घरात शिरलेली ही मंडळी दुपारपर्यंत घर मोकळे करून देतात. सोय मोठीच आहे, आणि तिला नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. मात्र आपला संसार परक्या हाती तीन-चार दिवस सोपवायचा, तर काय ठरले ते कागदावर असावे, एवढेच माझे म्हणणे.

गेल्या वर्षी आमचे बिऱ्हाड हलले तेव्हा तीन ठिकाणी चौकशी केली. एकाने फोनवरच दर सांगितला, तोही इतरांच्या जवळजवळ निम्मा, आणि ‘आजच आगाऊ पैसे पाठवा’ म्हणून घाई मांडली. घर न पाहता, कपाटे न मोजता जो दर सांगतो, त्याचा खरा दर ट्रक भरल्यावर कळतो. म्हणून त्याला नमस्कार केला. दुसऱ्याचा माणूस घरी येऊन खोलीन् खोली पाहून गेला. त्याच्याकडून दोन्ही गावचे मजले, लिफ्ट आहे की नाही, बांधणी, चढवणी, उतरवणी आणि पोहोचण्याची तारीख, असे सारे लिहून घेतले. आमचे सामान पूर्ण ट्रक भरेल एवढे नव्हते. तेव्हा भाडे वाचावे म्हणून दुसऱ्यांच्या सामानाबरोबर एकाच गाडीत न्यायचे ठरले. यात पैसे वाचतात हे खरे; पण वाटेत एखाद्या गोदामात माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाण्याची शक्यता असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ट्रक नागपूरच्या दारी उभा राहिला. सासूबाई खाली ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर कापडात बांधलेले मामंजींच्या पत्रांचे गाठोडे. तेवढे त्यांनी ट्रकमध्ये घालू दिले नव्हते. गाडीबरोबरचा माणूस म्हणाला, “मॅडम, तिसरा मजला आहे अन् लिफ्ट नाही. वरचे नऊ हजार दिल्याशिवाय दोरी सुटायची नाही.” दिवस मावळलेला, घरात झोपायला सतरंजीसुद्धा नाही. अशा वेळी भलाभला माणूस मुकाट्याने पैसे मोजतो, आणि हे त्यांना पक्के ठाऊक असते.

सासूबाई म्हणाल्या, “त्यांना कागद दाखव गं.” मग त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, “बाळा, आधी पाणी पी. मग वाच.”

कागदावर स्पष्ट लिहिले होते: तिसरा मजला, लिफ्ट नाही, उतरवणी धरून. त्याने तो दोनदा वाचला, कचेरीत फोन लावला, अर्धा तास हुज्जत चालली आणि अखेर दोरी सुटली. जास्तीचा एक पैसाही द्यावा लागला नाही.

सामान वर आले तसे यादीवर खुणा करीत गेले. खोकी बांधताना प्रत्येकावर आकडा घातला होता आणि तोच आकडा यादीत होता. एकसष्ट नगांपैकी साठ भरले. सदतिसावे नव्हते. त्यात सासूबाईंची पितळी भांडी होती, त्यांच्या लग्नातली. “असेल इथेच कुठे तरी, सही करा,” असा आग्रह सुरू झाला. मी पोचपावतीवर ‘क्रमांक ३७ मिळाले नाही’ असे लिहिले आणि त्याखाली सही केली. त्याच रात्री कंपनीला पत्र गेले. अकराव्या दिवशी खोके आले. वाटेतल्या गोदामातच राहून गेले होते. त्यातला बंब एका अंगाने चेपला होता. सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आला ना घरी!”

या निमित्ताने कायदाही चाळला. १८६५चा जुना वाहतूकदार कायदा जाऊन रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७चा नवा कायदा आला आणि २०११पासून तो अमलात आहे. त्याप्रमाणे वाहतूकदाराची नोंदणी असली पाहिजे. म्हणून नोंदणीचा दाखला मागण्यात संकोच बाळगू नये. मालाची नुकसानभरपाई सामान्यतः भाड्याच्या दहा पटींपर्यंत मिळते; परंतु आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त मिळत नाही. समजा, भाडे ३०,००० रुपये आहे. दहा पट म्हणजे तीन लाख. पण कुणाच्या तरी सल्ल्याने सामानाची किंमत ५०,००० लिहिली, तर हक्क ५०,०००चाच उरतो. दहा पटींहून अधिक जबाबदारी हवी असेल, तर तसे लिहून जास्तीचा दर भरावा लागतो. ‘विमा’ म्हणून पैसे घेतले, तर विमा कंपनीचा कागद मागावा. नुसत्या बिलातल्या ओळीला विमा म्हणत नाहीत.

दावा करावयाचा तर त्याआधी लेखी सूचना द्यावी लागते, आणि तीही मालाचे बुकिंग केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. माल हाती आल्यापासून नव्हे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते. म्हणजे बिऱ्हाड नागपूरला आले, तर तक्रारीसाठी कोल्हापूर गाठावयास नको. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर आयोगाची फीही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला घेता येतो.

परंतु कायदा भरपाई देतो ती बाजारात ज्याची किंमत ठरते त्याची. बंबाची किंमत यादीत लिहिता आली. पत्रांच्या गाठोड्यापुढे कोणता आकडा लिहिणार? दागिने, दाखले, घराची कागदपत्रे आणि अशी गाठोडी आपल्याजवळच ठेवावीत. हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, सासूबाईंकडून शिकले.

दिवाळीच्या आधी आपण सगळेच माळे उपसतो. बदलीच्या नोकरीतल्या मंडळींनी त्याच वेळी काय न्यायचे, काय द्यायचे आणि काय हातातून सोडायचे नाही, याची यादी करून ठेवावी. आणि तुमच्या जिन्यात यंदा एखादे नवे बिऱ्हाड आले असेल, तर फराळाचे ताट थोडे लवकर पाठवा. त्यांचा झारा आणि सोऱ्या अजून कुठल्या खोक्यात आहे, ते त्यांना सापडलेले नसेल.