दोन कॅमेऱ्यांचे बेसबॉल

अमेरिकेत मेजर लीगच्या 30 संघांच्या पदरी प्रत्येकी चार, असे 120 मायनर लीग, म्हणजे खालच्या स्तरावरचे, संघ आहेत. त्यांचे बरेचसे सामने आज मोबाइलवर दिसतात. मोजके कॅमेरे, एक स्विचर आणि पुष्कळदा रेडिओवरचाच समालोचक, एवढ्यावर हे प्रक्षेपण उभे राहते. गावोगावची कबड्डी आणि कुस्तीची मैदाने लाइव्ह करणाऱ्या आपल्या वाचकांनी ते मुद्दाम बघावे.

टीव्हीनेच एके काळी या मायनर लीगचे कंबरडे मोडले होते. 1949 मध्ये 59 मायनर लीग होत्या, प्रेक्षक जवळपास चार कोटी. मेजर लीगचे सामने घरबसल्या दिसू लागले. कारणे इतरही होती, पण दहा वर्षांत निम्म्याहून अधिक लीग बंद पडल्या.

कॅमेरे थोडे असले की पहिला कुठे लावायचा यावर सगळे अवलंबून असते. बेसबॉलमध्ये ती जागा ठरलेली आहे: पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पाठीमागे दूर, सेंटर फील्डच्या भिंतीपाशी, लेफ्ट फील्डकडे जरा सरकवून, म्हणजे पिचरच्या पाठीआड बॅटर झाकला जात नाही. पिचर, बॅटर, कॅचरचा ग्लोव्ह आणि पंच एकाच फ्रेममध्ये येतात. चेंडू बॅटवर बसला की कट होमप्लेटमागच्या, म्हणजे बॅटरच्या बाजूच्या, उंच कॅमेऱ्यावर. तिथे नवखा कॅमेरामन झूम करीत चेंडूमागे जातो आणि दिव्यांच्या झगमगाटात तो हरवून बसतो. जाणता कॅमेरामन आउटफिल्डरवर, म्हणजे लांबच्या क्षेत्ररक्षकावर, नजर ठेवतो. आउटफिल्डर पाठ फिरवून भिंतीकडे धावत सुटला तर फटका लांबचा. जागीच थांबून ग्लोव्ह वर केला तर झेल. फ्रेम थोडी सैल ठेवली की हे सगळे प्रेक्षकालाही दिसते.

2022 पासून पूर्ण मोसमाच्या सर्व मायनर लीगमध्ये पिच क्लॉक, म्हणजे पिचरला ठरावीक वेळात चेंडू टाकायला लावणारे घड्याळ, आले. नऊ डावांच्या सामन्याची सरासरी वेळ 3 तास 3 मिनिटांवरून 2 तास 38 मिनिटांवर आली. दोन चेंडूंमधली सवड आटली. लांबलेला रीप्ले आता पुढचा चेंडू खातो, आणि आमच्या मते प्रक्षेपणात याहून मोठी चूक नाही. मनात शंका आली तर रीप्ले सोडावा.

कारण बघणाऱ्यांत डोमिनिकन प्रजासत्ताकातले, व्हेनेझुएलातले खेळाडूंच्या घरचे लोक असतात. त्यांना आपल्या मुलाचा प्रत्येक चेंडू बघायचा असतो. शिवाय काही संघांचे समालोचक परगावच्या सामन्यांना जात नाहीत, यजमानांचे चित्र बघून दुरूनच बोलतात. कॅमेरा चुकला की तेही आंधळे.

रेडिओचा आवाज चित्रावर तसाच चढवतात, यावर नाके मुरडणारे आहेत. जे समोर दिसते ते पुन्हा कशाला सांगायचे, हा त्यांचा आक्षेप. आम्हाला तो पटत नाही. संघाबरोबर बसमधून हिंडणाऱ्याला प्रत्येक पोराचे गाव, दुखापत, गेल्या मोसमातला खेळ ठाऊक असतो. त्याचे एक वाक्य दहा ग्राफिक्सपेक्षा मोलाचे आहे. स्कोअर, आउट आणि बॉल-स्ट्राइकची पट्टी तेवढी सतत पडद्यावर हवी.

तुमच्या पुढच्या सामन्याला दोनच कॅमेरे मिळणार असतील, तर आदल्या दिवशी मैदानावर जा, पहिल्याची जागा नक्की करा, आणि त्या मुलांना ओळखणारा स्थानिक समालोचक आजच ठरवून टाका.