सुरक्षा कुणाच्या चुलीची?

एम.एस.डब्ल्यू.ला माझ्या वर्गात असलेली एक मैत्रीण लग्नानंतर युरोपात गेली. तिथे तिनं ऊर्जाधोरणाचा अभ्यास केला, नोकऱ्या केल्या, पुढे तिथलं नागरिकत्वही घेतलं. गेल्या महिन्यात तिचं लांबलचक पत्र आलं. नाटो या लष्करी संघटनेच्या ब्रुसेल्सच्या मुख्यालयात ऊर्जासुरक्षेच्या धोरणावर काम करायची संधी तिच्यासमोर आहे. अर्ज करू का, असं तिनं विचारलं होतं. खाली एक ओळ होती : ‘तुमच्या गटातल्या बायका काय म्हणतील तेही कळव.’

पत्र मी शनिवारच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, ‘रणगाड्याला डिझेल कसं पोचेल ते बघायचं काम. त्यात आपल्या बाईनं जायचं?’ दुसरी म्हणाली, ‘पोलीस ठाण्यात, कोर्टात, पंचायतीत आपण शिरलोच ना? मग तिथेच सोवळं का?’ चहा झाला, विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना, म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. नाटोची स्थापना 1949 ची, आज 32 देश सभासद. शीतयुद्धाच्या काळात या संघटनेनं युरोपात स्वतःच्या इंधनवाहिन्या टाकल्या. बारा देशांतून जाणारं सुमारे 10,000 किलोमीटरचं हे जाळं आजही आहे. तेव्हा ऊर्जा म्हणजे सैन्याचं इंधन, इतकाच अर्थ होता. 2006 च्या रीगा परिषदेत आणि 2008 च्या बुखारेस्ट परिषदेत ‘ऊर्जासुरक्षा’ हा विषय संघटनेच्या ठरावांत आला. 2012 मध्ये लिथुआनियात, व्हिल्नियसला त्यासाठी खास केंद्र झालं. अफगाणिस्तानचा अनुभवही यामागे होता. इंधनाचे टँकर पाकिस्तानातून डोंगरवाटांनी जायचे आणि वाटेत जळायचे. अमेरिकन लष्कराच्याच 2009 च्या एका अभ्यासात 2007 सालचा हिशोब मांडला आहे : इंधनाच्या दर 24 ताफ्यांमागे एक माणूस मेला किंवा जखमी झाला. छावणीवर सौर पत्रे लावायची कल्पना लष्कराला पर्यावरणाच्या प्रेमापोटी सुचलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवावंसं वाटतं.

मग 2022 उजाडलं. फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर मोठं आक्रमण केलं. 26 सप्टेंबरला बाल्टिक समुद्राच्या तळाशी नॉर्ड स्ट्रीमच्या वायुवाहिन्या स्फोटांनी फुटल्या. 10 ऑक्टोबरपासून युक्रेनची वीजकेंद्रं आणि उपकेंद्रं एकामागून एक लक्ष्य होऊ लागली. आपल्याकडे लोडशेडिंग म्हणजे घाम आणि डास. तिथे उणे तापमानात दिवा जातो तेव्हा घर तापवणं थांबतं, पाणी थांबतं, वरच्या मजल्यावरची म्हातारी लिफ्टविना अडकते. पुरुष आघाडीवर, घरात बायका, मुलं, आजारी माणसं. युक्रेन नाटोचा सभासद नाही, पण मैत्रिणीचा मुद्दा असा की त्या हिवाळ्यानंतर ‘ट्रान्सफॉर्मर वाचवणं हे बायकांचं काम नाही’ असं कुणी म्हणू नये. तिचं हे म्हणणं मला मान्य आहे. आपल्यापैकी ज्या शांततावादाच्या नावानं हा प्रश्न झटकून टाकतात, त्यांनी कीव्हमधल्या बाईला काय सांगायचं ते आधी ठरवावं.

माझी हरकत वेगळीच आहे. ती हिशोबाची आहे.

युरोपीय संघाच्याच आकड्यांनुसार 2023 मध्ये तिथल्या 10.6 टक्के लोकांना घर पुरेसं उबदार ठेवता आलं नाही. ही युक्रेनची गोष्ट नाही, शांतता असलेल्या श्रीमंत देशांची आहे. त्यात एकट्यानं मूल वाढवणाऱ्या आया आणि तुटपुंज्या पेन्शनवरच्या एकट्या म्हाताऱ्या बायका पुढे असतात. त्यांची थंडी ‘ऊर्जासुरक्षे’त धरली जात नाही. ती ‘कल्याणा’च्या खात्यात पडते, आणि कल्याणाच्या खात्याला पहिली कात्री लागते हे आपल्याला कुणी सांगायला नको. 2025 च्या जूनमध्ये हेगच्या परिषदेत सभासद देशांनी 2035 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्के संरक्षणावर खर्चायचं ठरवलं. त्यातला दीड टक्का महत्त्वाच्या सुविधांचं रक्षण, तग धरण्याची क्षमता वगैरेसाठी. म्हणजे वीजजाळ्यावरचा काही खर्च आता संरक्षणखर्चात मोजला जाईल. पैसा येईल, चांगलंच आहे. पण आधी तार कुठली दुरुस्त करायची, तळाकडे जाणारी की वस्तीकडे जाणारी, हे ठरवताना कुणाचा आवाज मोठा असेल?

या हिशोबात न येणारं आणखी एक टोक आपल्या बाजूचं आहे. रशियाचा वायू तुटल्यावर युरोपीय देशांनी आणि त्यांच्या कंपन्यांनी जगाच्या बाजारातला द्रवरूप वायू मिळेल त्या भावानं उचलला. नाटोनं नव्हे, हे खरं. पण ‘सुरक्षा’ हा शब्द एकदा उच्चारला की भावाची घासाघीस कुणी करत नाही. 2022 च्या जुलैत पाकिस्तानच्या निविदेला एकही विक्रेता आला नाही. त्याच महिन्यात बांगलादेशानं महाग वायू घेणं थांबवलं आणि 19 तारखेपासून ठरवून वीज कापायला सुरुवात केली. मुंबईत घरगुती सिलिंडर तेव्हा 1052 रुपये 50 पैशांवर होता. त्यामागे एकच कारण नव्हतं, पण त्या पावसाळ्यात ओली लाकडं फुंकत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, सिलिंडर घराच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला. त्यांना ऊर्जासुरक्षा म्हणजे काय ते विचारायला कुणी गेलं नव्हतं.

आता आत जायचं की बाहेर राहायचं, या वादाकडे येते. बैठकीत ग्रीनहॅम कॉमनचं नाव निघालंच. नाटोच्या 1979 च्या निर्णयानुसार अमेरिकन क्षेपणास्त्रं इंग्लंडमधल्या त्या तळावर येणार होती. 1981 मध्ये वेल्समधून चालत आलेल्या बायकांनी कुंपणाबाहेर ठिय्या दिला. 1982 च्या डिसेंबरात सुमारे 30,000 बायकांनी हातात हात घालून तळाला वेढा घातला. बायकांचा तो ठिय्या 2000 सालापर्यंत सुटला नाही. या बायकांचं ऋण मोठं आहे. पण त्याच दशकात कॅरॉल कोह्न ही अमेरिकन अभ्यासक कुंपणाच्या आत, अण्वस्त्रांच्या तज्ज्ञांमध्ये जाऊन राहिली. 1987 मध्ये तिनं त्यावर लेख लिहिला. तिचा अनुभव असा की तिथली भाषा शिकल्याशिवाय कुणी ऐकत नाही, आणि शिकल्यावर त्या भाषेत माणसाच्या मरणाबद्दल बोलताच येत नाही.

हे मला पटतं, कारण ते माझ्या बाबतीतही घडलं आहे. मी काही वर्षं एका पोलीस ठाण्याच्या आवारातल्या कक्षात काम केलं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेच काम पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं. सहा महिन्यांत माझ्या तोंडी ‘आज तीन मॅटर आहेत’ असं येऊ लागलं. एकदा दाराबाहेर बसलेल्या मावशींनी शांतपणे विचारलं, ‘मॅटर म्हणजे मीच ना, ताई?’ कान पकडला. त्या दिवसापासून रजिस्टरात मी बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहू लागले. साहेबांना ते लांबण वाटायचं.

त्या कक्षाची खरी ताकद कायद्याच्या पुस्तकात नव्हती, दाराबाहेरच्या बाकड्यात होती. बाई तिथे येऊन बसायची, पुन्हा यायची, ‘काय केलंत माझं?’ असं विचारायची. आम्ही पोलिसांच्या छपराखाली होतो, पण पोलिसांच्या नोकरीत नव्हतो आणि जाब त्या बाकड्याला द्यायचा होता. ब्रुसेल्सच्या इमारतीबाहेर असं बाकडं नाही. 2000 च्या संयुक्त राष्ट्रांच्या 1325 क्रमांकाच्या ठरावानंतर नाटोनं 2007 मध्ये स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा या विषयावर धोरण केलं, 2012 मध्ये त्यासाठी खास प्रतिनिधी नेमला. स्त्रिया टेबलाशी आल्या, हे कमी नाही. पण टेबलाशी बसलेल्या बाईला जाब विचारणारी बाई कुठून यायची? आणि त्या टेबलावरचे बरेचसे कागद गुप्त. लष्करी धुराचंही तेच : क्योटोत 1997 साली बहुराष्ट्रीय लष्करी मोहिमांचं उत्सर्जन देशांच्या बेरजेतून वगळलं गेलं, पॅरिसनंतर ते कळवणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिलं.

म्हणून मी तिला ‘जाऊ नकोस’ असं लिहिलं नाही. ज्येष्ठ मैत्रिणींना हे आवडणार नाही, पण स्वतः ठाण्याच्या आवारात बसून तिला कुंपणाचे धडे देणं मला जमलं नसतं. मी लिहिलं की जायचंच तर आधी तुझं बाकडं शोध. तुझ्या शहरात वीजबिल थकलेल्या बायकांचा एखादा गट असेल, युक्रेनहून आलेल्या बायकांचा असेल, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाऊन बस. गुप्त कागद सांगू नकोस, पण त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत लिहून आत ने. जिथे ‘ग्राहक’ लिहिलेलं असेल तिथे कोणता ग्राहक ते विचार. आणि सहा महिन्यांनी मला कळव की तुझ्या तोंडी कोणते नवे शब्द आले.

पत्र पाठवून आठ दिवस झाले. अर्जाची मुदत अजून आहे, असं ती म्हणते. येत्या शनिवारी बैठकीत विषय पुन्हा घेतला आहे. ज्यांना माझं पटलेलं नाही त्यांनी जरूर यावं, किंवा या पानांवर लिहावं.