मिरियम मकेबा आणि गिनीचं ऋण

यंदाचा अंक ‘दत्तक देश’ या विषयाला वाहिला आहे. देश सोडलेल्या कलावंतावर लिहिताना आपण त्याच्या मायभूमीच्या ओढीवर पानं भरतो आणि ज्या देशानं त्याला ठेवून घेतलं त्याला दोन ओळींत आटोपतो. आम्हाला हे खटकतं. म्हणून सुरुवात मिरियम मकेबांच्या गिनीपासून.

जोहान्सबर्गच्या या गायिका १९५९मध्ये परदेशी गेल्या. पुढच्याच वर्षी आई गेली, तेव्हा आपला पासपोर्ट रद्द झाल्याचं त्यांना कळलं. आईचं शेवटचं दर्शनही झालं नाही. १९६३मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यांनी वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध साक्ष दिली आणि नागरिकत्वही गेलं. परदेशी स्थायिक झालेले आपले कितीतरी वाचक भारतीय पासपोर्ट स्वतःहून परत करतात, तेव्हाही त्यांचा हात अडखळतो. मकेबांना तर कुणी विचारलंच नव्हतं. अमेरिकेनं कीर्ती दिली खरी, पण १९६८मध्ये कृष्णवर्णीयांचे लढाऊ नेते स्टोकली कारमायकल यांच्याशी लग्न करताच तिथले कार्यक्रम धडाधड रद्द झाले. दोघं गिनीला गेली.

१९५८मध्ये फ्रान्सला ‘नाही’ म्हणून स्वतंत्र झालेला हा गरीब देश वाद्यवृंदांना सरकारी पगार देत होता. राष्ट्राध्यक्ष सेकू तूरे यांचा आग्रह असे की परक्या चाली सोडा, आपल्या मातीतलं वाजवा. कोरा हे तिथलं वाद्य: अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं कातडं, एकवीस तारा, आणि त्या छेडायला फक्त दोन अंगठे नि दोन तर्जन्या. त्याच्या साथीनं मकेबा तिथल्या मांदिंग भाषेत गाऊ लागल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांतही त्या पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी गिनीच्या प्रतिनिधी म्हणून. स्वतःच्या देशानं हाकललेल्या बाईला दुसऱ्या देशानं आपला आवाज म्हणून पाठवावं, याहून मोठा सन्मान आम्हाला ठाऊक नाही.

पण ऋणाची किंमतही असते. मकेबांनी तूरेंची स्तुतिगीतं गायली. याच तूरेंच्या काँबोइरो तुरुंगात हजारो माणसं छळली गेली. पूर्वी संयुक्त राष्ट्रांत गिनीची बाजू मांडणारे दियालो तेली १९७७मध्ये तिथेच अन्नपाण्यावाचून मेले. राजाची थोरवी गाणं हे त्या मुलखातल्या परंपरागत गायकांचं कामच, हे मान्य. तरीही ती गाणी ऐकताना तेली आठवतात, आणि आठवायलाच हवेत. मकेबांवरचं आमचं प्रेम त्यानं कमी होत नाही. आसरा देणाऱ्याविरुद्ध बोलायला बेघर माणसाजवळ कुठली जागा उरते, हे मात्र कळतं.

१९८५मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी बोंगी, तीही गायिका, गिनीतच वारली. मग मकेबा ब्रसेल्सला गेल्या. १९९०मध्ये त्या मायदेशी परतल्या, तेव्हा हातात पासपोर्ट होता फ्रान्सचा.

या अंकातल्या लेखकांना आम्ही एवढंच सांगितलं होतं: दत्तक देशाचे उपकार लिहा, आणि त्या उपकारांनी काय बोलू दिलं नाही, तेही लिहा.